चेहऱ्याची साक्ष

मनुष्याच्या वयाचा दाखला त्याच्या शरीरावर अनेक ठिकाणी लिहिला जातो. पण त्यांपैकी बहुतेक दाखले झाकता येतात. केस पांढरे झाले तर कलप लावता येतो, दात पडले तर कवळी बसविता येते, पोट सुटले तर सदरा ढगळ शिवता येतो, आणि गुडघे धरले ही गोष्ट जिना चढण्याचा प्रसंग येईपर्यंत दुसऱ्यास कळतही नाही. डोळ्यांखाली साठलेल्या पिशव्यांची मात्र तशी सोय नाही. समोरच्या माणसाची दृष्टी जेथे प्रथम जाते आणि बोलणे संपेपर्यंत जेथून ती हलत नाही, नेमक्या त्याच ठिकाणी त्या बसलेल्या असतात. त्या घालवाव्यात की राहू द्याव्यात, हा प्रश्न वरवर पाहता वैद्याच्या, किंबहुना प्रसाधनगृहाच्या अधिकारातला दिसतो. परंतु थोडे खोल शिरले की तो नीतिशास्त्राच्या अंगणात येऊन उभा राहतो. आपला चेहरा बदलण्याचा माणसास अधिकार आहे काय? असल्यास, तो बदललेला चेहरा घेऊन लोकांपुढे जाणे ही फसवणूक होते काय?

एवढ्याशा सुजेवर तत्त्वज्ञानाचा बोजा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर इतकेच की, मोठमोठ्या प्रश्नांवर आपण जी मते देतो ती बहुधा ऐकीव असतात. आपली खरी मते असल्या लहान प्रश्नांवरच बाहेर पडतात.

आता या पिशव्या म्हणजे काय ते आधी पाहू. कारण या विषयावरील पुष्कळसा नैतिक त्रागा शारीरिक अज्ञानातून उद्भवलेला आहे. नेत्रगोल ज्या अस्थिमय खोबणीत बसलेला असतो, तीत त्याच्याभोवती मऊ मेदाची गादी असते. खालच्या पापणीमागे या मेदाचे तीन कप्पे असून एक पातळ पडदा त्यांस पुढून थोपवून धरतो. वय वाढले म्हणजे हा पडदा सैल पडतो. वरची त्वचा, जी सर्व शरीरातील अत्यंत पातळ त्वचांपैकी एक आहे, तिचा ताण जातो. आणि मागचा मेद पुढे डोकावू लागतो. पिशवीच्या खालच्या कडेस, गाल जेथे सुरू होतो तेथे, एक चर पडतो, व त्या चराच्या सावलीमुळे पिशवी आहे त्याहून मोठी भासते. कित्येक घराण्यांत ही गोष्ट नाकाच्या ठेवणीप्रमाणे वारशाने येते आणि तिशीतच दिसू लागते. तिचा जागरणाशी, चिंतेशी, मद्याशी किंवा अश्रूंशी काही संबंध असलाच पाहिजे असे नाही. याहून निराळा प्रकार सुजेचा. रात्री आडवे पडल्यावर शरीरातील पाणी पापण्यांच्या सैल भागात उतरते; आदल्या रात्री पापड, लोणचे, सुकी मासळी यांवर हात जरा मोकळा सुटला असेल तर ते अधिकच उतरते, आणि सकाळी फुगलेले डोळे दुपारपर्यंत आपोआप ओसरतात. क्वचित् प्रसंगी ही सूज मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉईड ग्रंथीच्या विकाराची, पुष्कळदा नुसत्या ॲलर्जीची, सूचना असते. म्हणून नव्याने आलेली, वाढत जाणारी किंवा एकाच डोळ्याखाली दिसणारी सूज घेऊन प्रथम डॉक्टरकडे जावे आणि आरशाकडे मागाहून.

उपायांचे म्हणाल तर ते पायरीपायरीने चढत जातात, आणि चढताना खर्च व धोका हे दोन्ही वाढतात. मीठ कमी करणे, उशी थोडी उंच घेणे, पुरेशी झोप, ॲलर्जी असल्यास तिचे औषध आणि डोळे न चोळणे, हे उपाय फुकटचे असून सुजेवर गुणकारी आहेत. थंड पाण्याची पट्टी, काकडीचे काप, चहाच्या गार केलेल्या पिशव्या यांनी रक्तवाहिन्या काही काळ आकुंचन पावतात. तेवढ्यापुरते बरे दिसते. कॅफीनयुक्त मलमांचीही मजल तितपतच. रेटिनॉलने त्वचेचा पोत काहीसा सुधारतो. परंतु पडद्याबाहेर आलेल्या मेदास परत आत लोटील असे मलम अद्याप कोणी तयार केलेले नाही, मग त्याच्या डबीवर काहीही छापलेले असो. यापुढची पायरी फिलरची. सुईने एक प्रकारची जेल त्या चरात भरून त्याची सावली घालवितात. काम अर्ध्या तासाचे, म्हणून लोकांस ते निरुपद्रवी वाटते. पण ती जेल कधी निळसर दिसते, कधी स्वतःच सुजते, आणि चुकून रक्तवाहिनीत गेली तर, हे अगदी विरळा घडत असले तरी, दृष्टी जाऊ शकते. हे काम जेथे भुवया कोरून मिळतात तेथे करून घेऊ नये, एवढे सांगण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. शेवटची पायरी शस्त्रक्रियेची. पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन मेद काढण्याची रीत पॅरिसच्या बूर्गे नावाच्या शस्त्रवैद्याने 1924 साली वर्णिली. बाहेर व्रण दिसत नाही हा तिचा गुण. त्वचा फार लोंबत असेल तर पापण्यांच्या केसांलगत बाहेरून छेद घेतात. पूर्वी मेद सरसकट काढून टाकीत, त्यामुळे काही वर्षांनी डोळे खोल गेल्यासारखे दिसत. आता पुष्कळदा तोच मेद चरावर पसरून बसवितात. एकदोन आठवडे डोळे काळेनिळे राहतात, परिणाम पुष्कळ वर्षे टिकतो. कधी खालची पापणी ओढली जाऊन बाहेर वळते, डोळे कोरडे पडतात. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीस अपाय झाल्याचीही उदाहरणे आहेत, मात्र अत्यंत थोडी.

येथवर वैद्यकाचे काम झाले. आता तत्त्वज्ञाकडे वळू. प्लेटोने आपल्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून शृंगारकलेवर मोठा कडक ठपका ठेवला आहे. पाककला ज्याप्रमाणे वैद्यकाचे सोंग घेते, त्याप्रमाणे प्रसाधन हे व्यायामाचे सोंग घेते. उसने सौंदर्य अंगावर चढवून ते माणसास स्वतःच्या खऱ्या सौंदर्याची हेळसांड करावयास लावते, असा तो आरोप आहे. आरोप बिनतोड वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे, ते असे की, रंगरंगोटी न केलेला चेहरा खरे बोलतो. सुदृढाचा चेहरा सुदृढ दिसतो, आळशाचा आळशी दिसतो, आणि मध्ये पडून कलप-पावडर तेवढी खोटे बोलते. हे गृहीतच मला मान्य नाही.

मी राहतो त्या पेणच्या रामवाडीत हे गृहीत तपासून पाहण्याची सोय चांगली आहे. पेणचे गणपती सर्व महाराष्ट्रात आणि परदेशांतही जातात. शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत घरोघर कारखाने आहेत. तेथे साचा काढणारे, रंग देणारे हात पुष्कळ. पण डोळ्यांची आखणी करणारा कारागीर निराळा, आणि त्याचा मान मोठा. का, ते तेथे घटकाभर उभे राहिले म्हणजे कळते. बुबुळ म्हणजे काय, एक काळा ठिपका. त्या ठिपक्यास ना राग असतो ना कृपा. त्याच्याभोवतीची रेघ केसभर खाली ओढली की मूर्ती पेंगुळलेली दिसते, केसभर वर गेली की दचकलेली दिसते. जिवंत माणसाचीही गोष्ट वेगळी नाही. आपण ज्यास ‘डोळ्यांतील भाव’ म्हणतो तो बहुतांशी डोळ्यांच्या कडांचा आणि पापण्यांचा भाव असतो. मेदाने आणि त्याच्या सावलीने तेथे एक रेघ जास्त ओढली, की पाहणारा ती वाचतो आणि ‘थकला आहे’, ‘रात्री घेतलेली दिसते’, ‘घरी काही बरे चाललेले नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. साक्षीदाराने शब्दही उच्चारलेला नसतो. उलटतपासणी कोणी घेत नाही. आणि शिक्षा मात्र अमलात येते.

या शिक्षेचे एक उदाहरण माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी येथूनच रोज पहाटे बस पकडून पनवेलच्या बाजूस नोकरीस जाते. वय सत्तेचाळीस. एका खासगी कचेरीत स्वागतकक्षात बसण्याचे काम ती कित्येक वर्षे करीत आहे. तिच्या डोळ्यांखालच्या पिशव्या वडिलांकडून आलेल्या. ते एस.टी.त कंडक्टर होते, आणि हिशेबात त्यांची एका तिकिटाची चूक कधी निघाली नाही. तरी प्रवाशांत त्यांचे नाव ‘झोपाळू मास्तर’ असेच होते! मुलीला गेल्या दोनतीन वर्षांत रोज कोणी ना कोणी विचारू लागले, “मॅडम, बरे नाही का?” मग वरच्या साहेबांनी एकदा हसत हसत विचारले, “घरी झोप होत नाही वाटते?” आणि शेवटी, तिची कामात काही कसूर निघाली नसता, दर्शनी मेजावर चोवीस वर्षांची एक मुलगी बसविण्यात येऊन हिला मागच्या खोलीत कागदपत्रांवर नेमले. पगार तूर्त तोच आहे. ‘तूर्त’ या शब्दाचा अर्थ नोकरदार वाचकांस सांगावयास नको.

तिने मुंबईच्या एका डॉक्टरांस डोळे दाखविले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. शस्त्रक्रियेस तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा खर्च सांगितला. पैशांचा विचार तिने तिच्यापुरता करून ठेवला होता. माझ्याकडे ती आली ती निराळ्याच कारणाने. “सर, आई म्हणते हा देवाचा अपमान आहे, आणि बाबांचाही. आणि मला स्वतःला वाटते, हे खोटे तर नाही ना? तुम्ही आम्हाला नीतिशास्त्र शिकवलेत, म्हणून विचारते.”

प्रश्न दोन होते, आणि ते निरनिराळे आहेत. देवाच्या अपमानाचा आधी घेऊ. ईश्वराने दिले ते तसेच ठेवावे हा नियम खरा मानला, तर चश्मा, कवळी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही सर्व पातके ठरतात. आणि आईंनी स्वतः गेल्याच वर्षी मोतीबिंदू काढून घेतला होता. आपल्या पुराणांनाही हा नियम ठाऊक नाही. अश्विनीकुमारांनी जराजर्जर च्यवन ऋषीस तारुण्य दिले, त्याबद्दल च्यवनास कोणी दोष दिल्याचे दिसत नाही. दोष आला तो ययातीस. कारण त्याचे तारुण्य मुलाकडून काढून घेतलेले होते. म्हातारपण टाळले यासाठी नव्हे, तर त्याची किंमत दुसऱ्याने भरली यासाठी. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आणि या बाबतीत आपल्याच प्रांताची एक गोष्ट अशी आहे की, ती प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असावयास हवी. 1792 च्या टिपूबरोबरच्या युद्धात कावसजी नावाचा एक मराठा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्यास नवे नाक करून दिले. आधी मेणाचे नाक करावयाचे, ते कपाळावर सपाट पसरून त्याची आकृती आखावयाची, आणि तेवढी कातडी, एक देठ शाबूत ठेवून, खाली फिरवावयाची. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 च्या अंकात हे वर्णन चित्रासह छापले. ते वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने 1814 साली लंडनात तशीच शस्त्रक्रिया केली, आणि युरोपातील आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीस तेथून चालना मिळाली. ‘प्लॅस्टिक’ हा शब्दही ग्रीक भाषेतील घडविणे, मातीस आकार देणे या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. म्हणजे पुण्याच्या त्या विटा घडविणाऱ्याला तो अगदी चपखल बसतो.

यावर चतुर वाचक म्हणेल की, कावसजीचे गेलेले परत आणले, हिचे तर काहीच गेलेले नाही. तो उपचार होता, ही हौस आहे. हा भेद मोठा मानला जातो, पण तो दिसतो तितका टणक नाही. कावसजी नाकावाचून श्वास घेत होता, जेवत होता, बैलही हाकू शकला असता. नाक गेल्याने त्याचे जे गेले ते लोकांतले तोंड. नाक कापणे ही शिक्षाच मुळी त्यासाठी असते, आणि आपल्या भाषेने ‘नाक कापले’ या शब्दांत तिचा अर्थ जपून ठेवला आहे. पुण्याच्या त्या कारागिराने दुरुस्त केले ते इंद्रिय थोडे, आणि माणसामाणसांतला संबंध फार. दर्शनी मेजावरून मागच्या खोलीत गेलेल्या बाईचे जे गेले ते याच जातीचे आहे. प्रमाण मात्र अर्थातच पुष्कळ लहान. सुझान नोएल नावाची एक फ्रेंच महिला शस्त्रवैद्य होऊन गेली. तिने 1926 साली या सौंदर्यशस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या नावातच तिच्या सामाजिक कार्याचा उल्लेख केला. चेहऱ्यावर वय दिसू लागले म्हणून ज्यांची नोकरी जाण्याची वेळ येई, अशा कामकरी स्त्रियांची बाजू तिने घेतली. श्रीमंतांच्या रिकामपणाचा चाळा म्हणून ज्यास आपण नाके मुरडतो, त्यात पोटाचा प्रश्न होता हे तिने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

आता दुसरा प्रश्न, खोटेपणाचा. तो अधिक कठीण आहे. पिशवी ‘ही थकली आहे’ असे सांगते तेव्हा ती खोटे सांगते, आणि खोट्या साक्षीदारास गप्प बसविणे ही सत्याशी प्रतारणा होत नाही, इतके सोपे आहे. परंतु तीच पिशवी ‘ही सत्तेचाळीस वर्षांची आहे’ असेही सांगते, आणि ते खरे आहे. शस्त्र दोघींचे तोंड एकदमच बंद करते. मग हा ‘नरो वा कुंजरो वा’ झाला की काय? मला तसे वाटत नाही. धर्मराजाचा दोष तो हळू बोलला यात नव्हता. द्रोणाचार्यांस जे जाणण्याचा हक्क होता ते त्यांच्यापासून त्यांच्या घातासाठी लपविले, यात होता. कचेरीत आलेल्या पाहुण्यास समोरच्या बाईचे वय जाणण्याचा हक्क कोणता? नोकरीच्या अर्जावर जन्मतारीख बदलणे हे असत्य. विवाह ठरविताना वय चोरणे हे असत्य, आणि दुष्टही. पण रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास आपले वय कपाळावर वाचू देण्याचे ऋण माणसाच्या डोक्यावर कोणत्या धर्मशास्त्राने ठेवले आहे? रघुवंशाच्या बाराव्या सर्गात कालिदासाने मोठी सुंदर कल्पना केली आहे: वार्धक्य पिकल्या केसाचे रूप घेऊन दशरथाच्या कानाशी येते आणि रामास राज्य दे म्हणून सांगते, जणू कैकेयीच्या भीतीने. वार्धक्य दशरथाच्या कानात बोलले. त्याने दरबारात दवंडी पिटली नाही. निरोप ज्याचा त्याला पोचला पाहिजे. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने आरशापुढे उभे राहून आपण सत्तेचाळीस वर्षांचे आहोत हे विसरावयाचे ठरविले, तर मात्र प्लेटोचा आरोप त्यास लागू पडेल. कारण मग फसवणूक झाली ती घरातल्याच माणसाची.

हे सर्व मी तिला सांगितले, आणि येथेच थांबलो असतो तर तिला हवे ते उत्तर देऊन मी सुखाने चहा प्यालो असतो. पण ययातीची गोष्ट मध्ये येते. ज्या स्त्रीस परवडते तिने पिशव्या काढल्या, की जिला परवडत नाही तिच्या पिशव्या अधिक उठून दिसू लागतात. दहा जणींच्या कचेरीत नऊ जणींचे डोळे नितळ झाले म्हणजे दहावीचे वय सत्तेचाळीस राहत नाही, ते साठ होते. प्रत्येकीने आपापल्यापुरते निर्दोष असे कृत्य करावे आणि त्या निर्दोष कृत्यांच्या बेरजेतून एक अन्याय उभा राहावा, हा प्रकार नीतिशास्त्रात नवा नाही. शिकवणीच्या वर्गांपासून लग्नातल्या मानपानापर्यंत आपण तो रोज पाहतो. येथे तारुण्य कोणी पुरूकडून हिसकावून घेत नाही हे खरे. तथापि किंमतीचा काही भाग दुसरीच्या नावे पडतोच. म्हणून, कृत्य करणारीस दोषी धरावयास मी तयार नसलो तरी, त्या कृत्यात काहीच दोष नाही असे म्हणावयासही मी तयार नाही. तो दोष कोठे तरी आहे. आणि माझ्या मते त्याचा मोठा वाटा त्या हसत हसत विचारणाऱ्याकडे, त्या रोज ‘बरे नाही का’ म्हणणाऱ्यांकडे, म्हणजे चेहरा वाचून निकाल देणाऱ्या तुमच्या-आमच्याकडे जातो. आपली चौकशी प्रेमाची असते असे आपण समजतो. जिला ती दिवसातून चार वेळा ऐकावी लागते तिला विचारून पाहावे.

हा विचार मी तिच्यापुढे मांडला, तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली, आणि मग तिने जे उत्तर दिले त्यास माझ्याजवळ प्रत्युत्तर नव्हते. “सर, हे सगळे पटते. पण समाजाने बदलायचे ते सवडीने बदलेल. मला निवृत्तीला अजून तेरा वर्षे आहेत.”

शस्त्रक्रियेची तारीख तिने गणेशोत्सवानंतरची घेतली आहे. त्या आधी घरात पाहुणे, आणि काळेनिळे डोळे घेऊन आरतीला उभे राहावयाचे नाही असे तिचे म्हणणे. आईंचा विरोध मावळलेला नाही. मात्र मुंबईस बरोबर मीच जाणार, शेजारच्या कोणास नेऊ नकोस, असे त्यांनी बजावले आहे. वडिलांचा एस.टी.च्या गणवेशातला फोटो बाहेरच्या खोलीत आहे, तो काढून आत ठेवावा काय याविषयी मायलेकींत दोन दिवस बोलणे झाले, आणि तो आहे तेथेच राहिला. मध्यंतरी ती बसथांब्यावर भेटली तेव्हा म्हणाली की, दर्शनी मेजावरची ती चोवीस वर्षांची मुलगी हल्ली जेवणाच्या सुटीत मागच्या खोलीत येऊन बसते, आणि त्या डॉक्टरांचा पत्ता आपल्याला मिळेल काय म्हणून विचारते.